कणगी आणि शिधापत्रिका

पावसाळ्यात भीमाशंकरला निघालेला यात्रेकरू घोडेगाव सोडतो, डिंभ्याचे धरण मागे टाकतो आणि तळेघरच्या दिशेने चढ चढू लागतो, तेव्हा त्याच्या तोंडून एकच उद्गार निघतो, "काय ही हिरवाई!" उद्गार खोटा नव्हे. ज्येष्ठाच्या अखेरीस या डोंगरावर धुके उतरते ते श्रावण सरेपर्यंत पुरतेपणी उठत नाही. कड्याकड्यांवरून पाणी कोसळत असते, खाचरांत भाताची आवणी चाललेली असते आणि दैव अनुकूल असेल, तर एखादे शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेप घेताना दिसते. परंतु याच दिवसांत आहुपे, कोंढवळ, निगडाळे, तेरुंगण अशा गावांतील कित्येक घरांत एक गोष्ट घडत असते, आणि ती रस्त्यावरून दिसत नाही. घरातील कणगी रिकामी होत असते.

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली धान्याची उंच कोठी. कार्तिकात भात झोडून झाले की ती भरते. आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी शेतकऱ्याची जमीन थोडी. त्यातली खाचराची भातजमीन तर आणखी थोडी. उरलेल्या उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, सावा पिकतो. एवढ्यावर कणगी किती भरणार? फाल्गुन-चैत्रात ती निम्मी होते, वैशाखात हात तळाकडे जाऊ लागतो आणि आषाढात सुपाने काढायचे धान्य मुठीने काढावे लागते. शेतात काम सर्वांत अधिक, अंगावर पाऊस, पायांखाली चिखल, आणि नेमके तेव्हाच घरात धान्य सर्वांत कमी, असा हा विचित्र मेळ आहे.

या अडचणीच्या दिवसांपुरते खाण्यासाठी उसने आणलेले धान्य म्हणजे खावटी. हा शब्द उच्चारायला साधा. पण डोंगरातील जुन्या माणसांना तो ऐकून सावकाराची ओटी आठवत असे. सावकार धान्य देई ते वाढीदिढीने. आषाढात एक मण नेले, तर सुगीला दीड मण आणून घालावे लागे. ते घालता आले नाही, की कागद होई, कागदावर अंगठा उठे आणि पुढे कधीतरी जमीन जाई. भीमाशंकरच्या परिसरातील जांभोरी गावच्या होन्या केंगले याने १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड पुकारले. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या बंडाला दुसरीही कारणे असतील. परंतु रिकामी कणगी आणि सावकाराचा कागद यांचे नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या बंडाचे नवल वाटणार नाही.

आज त्या ओटीच्या जागी सरकारमान्य स्वस्त धान्य दुकान आहे. लोक त्याला रेशनचे दुकान म्हणतात, आणि तिथे जाताना जे लहानसे पुस्तक बरोबर न्यावे लागते त्याला शिधापत्रिका न म्हणता कार्ड म्हणतात. हे कार्ड डोंगरात एकाएकी उगवलेले नाही. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली होती. धान्य कोठेच नव्हते असे नव्हे, गरिबाच्या हाती ते पोहोचत नव्हते. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील लोकांनी मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी रेशनवर घेतली आणि दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. त्या ज्वारीच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली, ती माणसे अद्याप तिचे नाव काढताच तोंड वाकडे करतात आणि लगेच म्हणतात, "पण तिनं जगवलं." १९९९ साली राज्यात कार्डांचे तीन रंग ठरले. पिवळे सर्वांत गरिबांचे, केशरी मधल्या लोकांचे आणि पांढरे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे. २००० साली अत्यंत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय योजना आली. शेवटी २०१३ साली संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. पूर्वी धान्य मिळणे ही सरकारची मेहेरबानी मानली जाई. या कायद्याने तो हक्क ठरला.

त्या कायद्यात एक छोटेसे कलम आहे, ते मुलींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत वडील स्त्रीचे नाव असावे, असे ते सांगते. सातबाऱ्यावर जिचे नाव बहुधा नसते, ती आजी कार्डावर घराची धनीण असते.

अशीच एक आजी आपल्या दहा-अकरा वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन दुकानापाशी आली आहे, असे समजावे. डोक्यावर इरले, हातात घडी घातलेली दोन रिकामी पोती, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड. दुकानात ओल्या गोणपाटाचा वास भरलेला असतो. भिंतीशी पन्नास-पन्नास किलोंची पोती रचलेली, मध्ये तोलकाटा, दारावर एक फळा. त्या फळ्यावर धान्याचा साठा, भाव आणि प्रत्येकाला मिळणारे प्रमाण लिहिलेले असले पाहिजे, असा नियम आहे. नातवाची नजर मात्र फळ्यावर नसते. दुकानदाराने आपल्या खाजगी विक्रीसाठी मांडलेल्या बरण्यांवर ती खिळलेली असते.

"आजी, कार्डावर बिस्किटाचा पुडा मिळत नाही का?"

"नाही रे बाळा. कार्डावर तांदूळ आणि गहू."

"आणि गूळ?"

"गूळही नाही."

"मग तेल?"

"तेलाला पैसे पडतात. गप उभा रहा आता, आपला नंबर आला."

आजीने दिलेले उत्तर थोडक्यात, पण बरोबर होते. प्राधान्य कुटुंब म्हणून ज्यांची नोंद आहे, त्यांना दर माणशी दर महिन्याला ५ किलो धान्य मिळते. घरात पाच माणसे असतील तर २५ किलो. अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, ३५ किलो मिळते. येथे गणिताची एक गंमत होते. दोन म्हाताऱ्या माणसांच्या अंत्योदय घरात ३५ किलो येते आणि आठ माणसांच्या अंत्योदय घरातही ३५ किलोच येते. तीच आठ माणसे प्राधान्य कुटुंबात असती, तर त्यांना ४० किलो मिळाले असते. कायद्याने ठरवलेला भाव तांदळाला किलोमागे ३ रुपये, गव्हाला २ रुपये आणि ज्वारी-बाजरी-नाचणीसारख्या भरडधान्याला १ रुपया असा होता. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने हे धान्य मोफत केले आहे. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला एक किलो साखर सवलतीच्या दराने देण्याचीही तरतूद आहे. पूर्वी दिव्यासाठी आणि चुलीसाठी रॉकेल मिळे. त्याचे दिवस सरले.

पाच किलो म्हणजे दिवसाला किती, हा हिशेब कोणत्याही मुलाला पाटीवर मांडता येईल. तीस दिवसांचा महिना धरला, तर दिवसाला १६७ ग्रॅमही पुरते भरत नाहीत. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्या माणसाचे तेवढ्यावर भागत नाही. तेव्हा रेशनवर सारे घर चालते असे जे शहरात काही लोक समजतात, त्यांनी एकदा हा भागाकार करून पाहावा.

दुकानदार यंत्र पुढे करतो. पूर्वी कार्डावर शाईने नोंद होत असे. आता लहानशा यंत्रावर बोटाचा ठसा द्यावा लागतो, आणि तो आधारच्या नोंदीशी जुळला तरच धान्य मिळते. आजी अंगठा टेकवते. यंत्र नकार देते. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते. पुन्हा नकार. "आजी, दुसरं बोट ठेवा," दुकानदार म्हणतो. साठ वर्षे जिने राब भाजले, शेण थापले, कोयता चालवला, तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. यंत्राला त्या वाचता येत नाहीत. कधी बोट जुळते तर डोंगरावर मोबाइलची लहर येत नाही आणि मग सारी रांग ढगांकडे पाहत उभी राहते. अखेर नातवाची आई पुढे होते, तिचा ठसा जुळतो आणि यंत्रातून पावती बाहेर पडते. घरातील नाव नोंदलेल्या कोणाही माणसाचा ठसा चालतो, ही सोय आहे म्हणून बरे. जिच्या घरात दुसरे कोणी नाही, त्या एकट्या म्हातारीसाठीही नियमात दुसरे मार्ग ठेवलेले आहेत. पण ते मार्ग तिला समजावून सांगणारा कोणीतरी दुकानात उभा असावा लागतो.

आजीच्या सासऱ्याच्या काळी याच डोंगरात अंगठा उठे तो सावकाराच्या कागदावर. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. यंत्रातून निघालेली पावती नातवाला वाचता येते. तो ती मोठ्याने वाचतो, तांदूळ किती, गहू किती, रक्कम शून्य. आणि तोलकाट्यावरचा आकडा पावतीशी जुळतो की नाही, हे टाचा उंचावून पाहतो. आजीला त्याचे हे वाचणे फार आवडते. दुकानदाराला ते किती आवडते, हे सांगता येत नाही.

कार्डावर काय मिळते हे झाले. काय मिळत नाही, ही यादी त्याहून पुष्कळ लांब आहे. मीठ, मिरची, हळद, तेल, डाळ, चहा, साबण, काडेपेटी हे सारे रोख पैशाने घ्यावे लागते. एवढेच काय, फुकट मिळालेला गहूदेखील तसाच खाता येत नाही. तो दळावा लागतो आणि गिरणीवाला दळणाचे पैसे मागतो. हे पैसे कोठून येतात? या भागात त्याचे एक जुने उत्तर आहे: हिरडा. चैत्र-वैशाखात डोंगरातल्या झाडांवरून कोवळा बाळहिरडा झोडून, वाळवून विकायचा, हे येथील कित्येक घरांचे वर्षाचे रोख उत्पन्न. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आंबेगाव-जुन्नरच्या रानात हिरड्याची झाडे उन्मळून पडली. कोकणात नारळ-सुपारी पडली ते साऱ्यांनी पाहिले. येथे हिरडा पडला म्हणजे घरातले मीठ-मिरची पडले, हे लक्षात यायला मात्र पुष्कळ वेळ गेला.

त्याच वर्षी करोनाच्या टाळेबंदीने मजुरीही बंद झाली होती. तेव्हा राज्य शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी एका वर्षापुरते खावटी अनुदान मंजूर केले. कर्ज नव्हे, अनुदान. प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपयांचे साहाय्य. त्यातील निम्मे पैसे रूपाने आणि निम्मे किराणा मालाच्या रूपाने. त्या किराण्यात काय काय होते, हे पाहण्यासारखे आहे. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीदडाळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरचीपूड, मीठ आणि चहा. कार्डावर वर्षानुवर्षे जे मिळत नव्हते, तेच नेमके त्या पिशवीत होते. यादी करणाऱ्याने कोणाच्या तरी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले असावे. २०२२ च्या दिवाळीत राज्यातल्या कार्डधारकांना १०० रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल देण्यात आले, तेव्हाही घरोघरच्या मुलांना त्या पिशवीत लाडू दिसले, यात शंका नाही.

आणि काही वस्तू अशा आहेत, की त्या कार्डावर मिळत नाहीत आणि त्यांना पैसेही पडत नाहीत. पहिल्या पावसानंतर रानात कुर्डू, टाकळा, भारंगी उगवते. थोड्या दिवसांनी वेलींवर करटोली लागतात. ओढ्यांत खेकडे सापडतात. कोणती पाने खावीत, कोणती उकळून पाणी टाकावे, कोणत्याला हात लावू नये, हे ज्ञान या आजीपाशी आहे. दुकानातला भात आणि रानातली भाजी ही दोन्ही जेव्हा एका ताटात येतात, तेव्हा कोठे जेवण होते.

यादी कोणी करावी, हा प्रश्न केवळ या डोंगरातला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये साखर, लोणी, मांस सारे मापून मिळे. मुलांची मिठाईदेखील १९४२ पासून शिधापत्रिकेवर गेली, ती १९५३ मध्ये मोकळी झाली. म्हणजे बिस्किटाच्या बरणीकडे पाहणारा आपल्या डोंगरातला मुलगा जगात एकटा नाही. अमेरिकेची रीत आणखी निराळी. तेथे १९३९ साली रॉचेस्टर शहरात गरिबांना धान्य न देता रंगीत तिकिटे देण्यास आरंभ झाला. नारिंगी तिकिटावर हवे ते खाद्य घ्यावे आणि निळ्या तिकिटावर बाजारात ज्याचा साठा फार झाला आहे तेच घ्यावे, असा नियम होता. आज तिकिटांच्या जागी कार्ड आहे. त्यात दर महिन्याला रक्कम जमा होते आणि गिऱ्हाईक दुकानातून दूध, फळे, भाजी, मांस, पाव आपल्या पसंतीने उचलते. मात्र दारू, तंबाखू, साबण किंवा औषध त्या कार्डावर घेता येत नाही, आणि सर्वसाधारणपणे शिजवलेले गरम अन्नही मिळत नाही. आपल्याकडे वस्तू ठरलेली आणि वजन ठरलेले. तिकडे रक्कम ठरलेली आणि निवड बरीचशी मोकळी. कोणती रीत अधिक चांगली, यावर मोठी माणसे वाद घालतात. पैशाची रीत जिथे दुकानेच नाहीत तिथे काय कामाची, हा एक पक्ष. आणि माणसाला आपल्या ताटात काय वाढावे हे ठरवता आले पाहिजे, हा दुसरा. भर पावसात दरड कोसळून वाट बंद झालेल्या वाडीत पहिला पक्ष सहज पटतो.

त्या अमेरिकन नियमांत एक वाक्य मात्र असे आहे, की ते भीमाशंकरच्या शेतकऱ्याला वाचून दाखवले, तर तो मान डोलावील. तेथे त्या कार्डावर बी-बियाणे आणि रोपे विकत घेता येतात. अट एवढीच, की त्यांपासून घरच्यांसाठी खाण्याजोगे पीक यावे. अन्नाच्या यादीत बियाण्याला जागा देणाऱ्याने भुकेचा विचार बारकाईने केला आहे.

आपल्या कार्डावर बियाणे नाही. भरडधान्याचे नाव कायद्यात आहे, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तरी घाट चढून येणाऱ्या पोत्यांत बहुधा तांदूळ आणि गहूच असतो. गहू हे या डोंगरात एके काळी सणाचे धान्य होते. पुरणपोळीपुरते ते येई आणि जाई. आता महिन्याच्या महिन्याला गहू येतो. त्यामुळे पोट भरते हे खरे. परंतु चार-पाच महिने चढावर राबून, पाखरे राखून नाचणी कशाला पिकवायची, असे नव्या पिढीला वाटू लागले तर त्यांना दोष देता येत नाही. वरकस जमिनीचे काही तुकडे आता पडीक राहतात. एका चांगल्या गोष्टीने दुसऱ्या चांगल्या गोष्टीला थोडे बाजूला सारले आहे, आणि दोन्ही जवळ कशा ठेवाव्यात हे अजून कोणाला नीटसे साधलेले नाही.

तरीही बियाण्याचा आणि कार्डाचा एक संबंध आहे, आणि तो कोणत्याही शासकीय कागदावर लिहिलेला नाही. सुगी झाली की घरातली वडील बाई चांगले टपोरे दाणे निवडून पेरणीसाठी वेगळे ठेवते. नाचणीचे बी राख मिसळून मडक्यात जाते, भाताचे बी पोत्यात आढ्याला टांगले जाते. वैशाखात कणगीचा तळ लागला, की सारा घराचा डोळा त्या मडक्याकडे वळतो. वाईट वर्षी ते मडके फुटे. पेरायचे धान्य शिजवून खाल्ले म्हणजे मृगात पुन्हा सावकाराच्या ओटीवर जाणे आले, या वेळी बियाण्यासाठी. खाणे उसने, पेरणेही उसने. मग पीक स्वतःचे म्हणायचे कशाला?

ज्येष्ठातली गोष्ट. कणगी रिकामी. कोपऱ्यात दुकानातून आणलेले अर्धे पोते तांदूळ. आजी ते पाखडत होती. नातवाने आढ्याकडे बोट दाखवले.

"आजी, वर टांगलेला आपला तांदूळ का शिजवत नाहीस? त्याला वास चांगला येतो."

"तो तांदूळ नाही रे, ते भात आहे. पेरायचं आहे ते."

"आणि दुकानातला तांदूळ नसता तर?"

आजीचा हात सुपावर थांबला. तिने आढ्याकडे पाहिले, मग सूप पुन्हा हलू लागले. "तुझ्या आजोबांच्या लहानपणी एकदा खाल्लं होतं त्यांनी," ती म्हणाली. "जा, चुलीत लाकूड सार."

चार दिवसांनी वळवाचा पाऊस नक्षत्रावर आला. राब भाजून काळी पडलेली जमीन भिजली. आढ्याचे पोते खाली उतरले, मडके उघडले, आणि उतारावरच्या लहानशा वाफ्यात आधी भात, मग नाचणी फेकली गेली. त्या रात्री घरात दुकानातला भात आणि कुर्डूची भाजी होती.